हजेरीतला 'जी'

आमच्या घरात 'अहो' नव्हतं, 'अजी' होतं. आई वडिलांना हाक मारायची ती 'अजी, ऐकता का' अशी. आणि वडील भाजीवालीपासून टांगेवाल्यापर्यंत सगळ्यांना 'काय जी', 'बसा जी', 'येतो जी' म्हणायचे. ते भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून पोटासाठी जबलपूरला आले होते. तेव्हा दोन्ही गावं एकाच मध्यप्रांतात होती आणि राजधानी नागपूरला होती, त्यामुळे आपण परमुलखात आलो असं त्यांना कधी वाटलं नसावं. भांडीकुंडी तिकडेच राहिली, पण 'जी' मात्र त्यांनी सोबत आणला.

जबलपूरच्या घमापूर भागात आमच्या दोन खोल्यांना लागून एक जुनं मराठी कुटुंब राहत होतं. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत इकडे आलेले. त्यांची मराठी आमच्यापेक्षा वेगळी, जरा इस्त्री केलेली. त्या घरच्या काकूंना आमच्या बोलण्याची मोठी मौज वाटायची. एकदा त्यांनी कुंपणावरून विचारलं, "काय हो, तुमच्याकडे मांजरालाही जी म्हणतात का?"

वडील हातपाय धूत होते. वर पाहून म्हणाले, "मांजर वयानं मोठी असंन तं म्हनतो जी. तुमची आहे का मोठी?"

काकू हसत आत गेल्या. त्यानंतर त्यांच्या घरी त्या मांजरीला 'मनीजी' म्हणू लागले.

वडील मातीचे नळ तयार करणाऱ्या एका कारखान्यात भट्टीवर होते. गटारांसाठी लागतात ते जाड, तपकिरी, चकचकीत नळ. ती चकाकी कशानं येते हे फार जणांना ठाऊक नसतं. भट्टी पुरेशी तापली की आगीत मूठमूठ मीठ टाकायचं. मिठाची वाफ होते, ती नळांवर बसते आणि काचेसारखा थर धरते. पण भट्टी 'पुरेशी' तापली हे ओळखायचं कसं? वडील भिंतीतल्या भोकाला डोळा लावून आतला रंग पाहायचे. लाल असेल तर थांबायचं, नारिंगी असेल तरी थांबायचं, पिकल्या लिंबाच्या आतला रंग दिसला की मीठ. अर्धा तास लवकर टाकलं तर नळ खरबरीत, उशिरा टाकलं तर काळपट. कारखान्यात हा रंग ओळखणारी दोनच माणसं होती आणि दुसऱ्यालाही वडिलांनीच शिकवलं होतं.

मीठ टाकताना पांढरा धूर निघायचा, घसा जाळणारा. वडील तोंडावर ओला पंचा बांधायचे. वीस वर्षं त्यांनी तो धूर घेतला. त्यांचा आवाज हळूहळू बसत चालला होता, पण आम्हाला तो त्यांचा आवाजच वाटायचा.

कारखान्याच्या फाटकात रोज सकाळी हजेरी व्हायची. हजेरी घेणारे मुन्शी लखनौकडचे, वृद्ध, पांढरी दाढी, कानामागे टाक. शाळेला सुट्टी असली की मी वडिलांसोबत जायचो, तेव्हा ती हजेरी मला जत्रेसारखी वाटायची. मुन्शी नाव पुकारायचे आणि प्रत्येक जण आपापल्या घरची भाषा बोलायचा. बुंदेलखंडी मजूर 'हओ' म्हणायचे. पंजाबी फिटर 'हांजी' म्हणायचा, तेही असं की फाटक हलावं. गोदामावरचे बंगाली बाबू हळूच 'आज्ञे' म्हणत. मद्रासकडचा एक ख्रिस्ती सुतार टाच आपटून 'सर' म्हणायचा, आणि नेपाळी पहारेकऱ्याचं नाव शेवटी आलं की तो 'हजुर' म्हणून फाटक लावायचा. आमचे वडील म्हणायचे, 'जी.'

मुन्शींची एक रीत होती. मस्टरमध्ये सगळी नावं नुसतीच लिहिलेली असत, पण ज्यांच्या मिशा पिकल्यात त्यांच्या नावाला ते पुकारताना 'जी' जोडायचे. आणि प्रत्येक नावानंतर मान वर करून त्या माणसाकडे पाहायचे, मग रेघ ओढायचे. हजर असेल तर उभी रेघ, नसेल तर फुली. मी मॅट्रिक झाल्यावर त्यांनीच माझं नाव सुचवलं, कारण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. महिनाभर त्यांच्या शेजारी बसून मी काम शिकलो. तेव्हा एकदा मी विचारलं, "चाचा, जवाब तो सुनाई देता है, फिर देखते क्यों हो?"

ते म्हणाले, "बेटा, हाज़िरी, हाज़िर, हुज़ूर, ये सब एक ही घर के लफ़्ज़ हैं. जो सामने मौजूद है, वही हुज़ूर है. तो हुज़ूर को देखोगे नहीं?"

मला ते म्हाताऱ्याचं शब्दांशी खेळणं वाटलं. पुढे कोश पाहिले तेव्हा कळलं की ते अक्षरशः खरं होतं.

मी एकट्यानं हजेरी घ्यायच्या आदल्या संध्याकाळी घरात एक अडचण उभी राहिली. आमच्याकडे मुलगा बापाचं नाव तोंडानं घेत नाही. शाळेतही वडिलांचं नाव विचारलं तर मी पाटीवर लिहून दाखवायचो. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मंग उद्या ह्यायचं नाव घेशीन का रे तू? चारचौघांत?"

वडील म्हणाले, "कामाच्या जागी काम. घेईन तो."

"पन जी लावून घेजो बापा."

मुन्शींनीही मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "अब्बा का नाम मत पुकारना. नज़र उठाना, देख लेना, लकीर खींच देना. मैंने अपने चाचा के साथ यही किया था, बरसों." इतका सोपा मार्ग त्यांनी मला हातात दिला होता.

पण पहिल्या दिवशी नवा मुन्शी कसा काम करतो हे पाहायला मॅनेजर साहेब स्वतः फाटकात येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात घड्याळ होतं. म्हणाले, नावं लिहिली आहेत तशीच वाचायची, पुढेमागे काही जोडायचं नाही, वेळ जातो. मी वीस वर्षांचा होतो. मी मस्टरमध्ये मान घातली ती वर काढलीच नाही. नाव, उत्तर, रेघ. नाव, उत्तर, रेघ. वडिलांचं नाव आलं. मी ते नुसतं घेतलं, बाकीच्यांसारखं.

मग वडिलांचा तो बसका आवाज आला, "जी."

मागून कोणी तरी बुंदेलीत म्हणालं, "लो भैया, बाप हाज़िर है, बेटा साहब हो गओ!" सगळे हसले. मी रेघ ओढली आणि पुढचं नाव घेतलं. साहेबांनी जाताना माझ्या पाठीवर थाप मारली.

साहेब चार दिवस आले, पुन्हा आले नाहीत. पाचव्या दिवशी मला मुन्शींच्या रीतीवर परत येता आलं असतं. मी आलो नाही. मला त्या थापेची गोडी लागली होती. नवा मुन्शी बापालाही सूट देत नाही, अशी माझी कीर्ती झाली होती आणि माझं मस्टर कारखान्यात सगळ्यांत स्वच्छ समजलं जायचं. एकही खाडाखोड नाही. रेघेची फुली करता येते, फुलीची रेघ करता येत नाही, म्हणून मी फुली मारताना एकदाच विचार करायचो आणि मग कोणाचं ऐकत नसे. असं तीन वर्षं चाललं. तीन वर्षं रोज सकाळी माझ्या वडिलांनी मला 'जी' म्हटलं आणि मी वर पाहिलं नाही.

घरी एवढंच झालं की लहानपणी मी डबा घेऊन गेलो की तो घ्यायला हात पुढे करत ते म्हणायचे तसं "आना जी, आना" त्यांनी मला परत कधी म्हटलं नाही. हे माझ्या लक्षातही फार उशिरा आलं.

मग ती हिवाळ्यातली सकाळ आली. आदल्या दिवसापासून मोठी भट्टी पेटली होती आणि दुपारी मीठ पडायचं होतं. त्या फेरीची काळजी वडिलांना फार होती, कारण एका नव्या मापाचे नळ पहिल्यांदाच भाजत होते. पहाटे मी त्यांच्या आधी निघालो. मी फाटकात टेबल मांडलं, मस्टर उघडलं, नावं घेऊ लागलो. वडिलांचं नाव घेतलं. उत्तर आलं नाही. मी पुन्हा घेतलं. उत्तर आलं नाही.

मी फुली मारली.

त्याच क्षणी रांगेतून ओरडा झाला. "अरे मुंशीजी, खड़े तो हैं!" "हाथ उठाए हैं, देखो तो!" पंजाबी फिटर म्हणाला, "ओए, बाप नूँ तो पहचान!" मी ऐकलं. मला सगळं समजलं. रात्रीतून त्यांचा घसा पार बसला होता, शब्द फुटत नव्हता, आणि ते माझ्यापासून आठ-दहा पावलांवर हात वर करून उभे होते. पण शाई ओली होती, फुली मारून झाली होती. ती खोडायची तर साहेबांची सही घ्यावी लागणार होती, आणि सही घेताना सांगावं लागणार होतं की माझी चूक झाली. मी पुढचं नाव घेतलं.

हजेरी संपली. ज्याच्या नावापुढे फुली, त्याला आत सोडायचं नाही असा नियम. पहारेकऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मस्टर बांधत होतो. फाटक लागल्याचा आवाज मी ऐकला.

त्या दुपारी दुसऱ्या माणसानं मीठ टाकलं. वडिलांना विचारल्याशिवाय त्यानं एवढी मोठी भट्टी कधी केली नव्हती. त्यानं घाई केली. चार दिवसांनी भट्टीचं लिंपलेलं दार फोडलं तेव्हा अर्ध्याहून जास्त नळ खरबरीत निघाले, हात फिरवला तर कातडी सोलावी असे. मोक्याच्या दिवशी गैरहजर राहिलात म्हणून साहेबांनी वडिलांना भट्टीवरून काढलं आणि नळ रचायच्या कामावर लावलं. मी तिथेच बाजूच्या टेबलावर होतो. एक वाक्य पुरलं असतं. वडिलांनी साहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मान हलवून 'जी' असे ओठ हलवले. आवाज आला नाहीच.

फाटक लागलं त्या दिवशी ते चालत घरी परतले तेव्हा आईनं विचारलं होतं, "अजी, काहून परत आले?" हे मला तिनंच पुढे सांगितलं. ते कुजबुजत म्हणाले होते, "उशीर झाला. गेट बंद होऊन गेलं." आणि आई त्यांनाच बोलली होती, की जन्मभरात कधी उशीर केला नाही अन् आजच बरा केला. मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती मला म्हणाली, "तू तं तिथंच होता ना? तुले नाई सोडता आलं आत?"

मी म्हणालो, "साहेबाचा नियम आहे."

वडील पाटावर बसले होते. त्यांनी ताटातून मान वर केली नाही.

त्यांचा आवाज परत आला नाही. कुजबूज तेवढी राहिली. ती ऐकू येत नसे, ओठांकडे पाहावं लागे तेव्हा कळे. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांनी काम सोडलं. त्यानंतर दोन वर्षं ते होते आणि त्या दोन वर्षांत मी त्यांच्या तोंडाकडे जेवढं पाहिलं तेवढं आधीच्या तेवीस वर्षांत पाहिलं नव्हतं. डाव्या भिवईत एक पांढरा केस होता, लांब. भट्टीच्या झळीनं उजवा गाल डाव्यापेक्षा काळा होता.

एका रविवारी मी त्यांना नर्मदेवर ग्वारीघाटला घेऊन गेलो. पाण्याजवळच्या पायऱ्यांवर बसलो. बराच वेळ नावा पाहिल्यावर मी धीर करून म्हणालो, "बाबा, तुमचं नाव मी नुसतं घेत होतो. जी लावायला पाहिजे होता."

त्यांनी माझ्याकडे तोंड केलं म्हणजे मला वाचता यावं. ओठ हलले, "जीचं काय बे. थो तं शब्द आहे." मग नदीकडे पाहिलं, परत माझ्याकडे वळले. "म्या हात वर केला होता. तू पाह्यलं नाई."

एवढंच. मग त्यांनी फुटाणेवाल्याला हात केला, आणि तो पाहत नव्हता म्हणून मलाच उठावं लागलं.

ते गेल्यावर मी तो शब्द शोधत फिरू लागलो. त्यांनी 'थो तं शब्द आहे' म्हणून बाजूला ठेवला होता, पण मला दुसरं काही हाती धरायला नव्हतं. एका संस्कृतच्या मास्तरांनी सांगितलं की 'जी' हा 'जीव्' या धातूतून आला, 'जगा, चिरंजीव व्हा' असा त्याचा मूळ आशीर्वाद. वाचनालयातल्या एका जाड कोशात दुसरं मत मिळालं की तो 'आर्य' म्हणजे थोर माणूस, या शब्दाचा प्राकृतात झिजून झिजून उरलेला शेवटचा तुकडा आहे. पंडितांचं अजून एकमत नाही. मला दोन्ही पटतात. जुन्या मराठीत देवाला आर्जव करताना 'जी' म्हणत. नेपाळीत तो 'ज्यू' होतो. बडा फुहारा या बाजारचौकातला मारवाडी कापडवाला आपल्या वडिलांनाच 'जीसा' म्हणतो. त्यांच्यात बापाचं नावच ते. ते ऐकून मी कापड न घेताच दुकानातून उतरलो.

शोधता शोधता बाकीचे शब्दही उलगडत गेले. तो सुतार टाच आपटून म्हणायचा तो 'सर' मुळात लॅटिनातल्या वडीलधारा या अर्थाच्या शब्दातून आलेला. आणि 'साहेब' अरबीत मूळचा सोबती. म्हणजे ज्या साहेबासाठी मी मान खाली घातली, त्याच्या पदवीचा मूळ अर्थ सोबती, आणि त्याला आम्ही म्हणायचो त्या 'सर'चा अर्थ वडीलधारा. फाटकात सगळ्या भाषा मिळून रोज एकच गोष्ट सांगत होत्या आणि मी रेघा ओढत होतो.

मुन्शी एकदा फुहाऱ्यापाशी भेटले. डोळे पूर्ण गेले होते, नातवाच्या खांद्यावर हात. मी नुसता सलाम केला, नाव सांगितलं नाही, तरी त्यांनी ओळखलं. "अब मैं आवाज़ से हाज़िरी लेता हूँ," ते हसले. मग विचारलं, "अब्बा?" मी सांगितलं. ते म्हणाले, "नज़र उठाते थे न?" मी हो म्हणालो. आंधळ्या माणसाशी मी खोटं बोललो.

वडील गेल्यानंतर मात्र मी हजेरी मुन्शींसारखी घेऊ लागलो. प्रत्येक नावानंतर मान वर. थोराला जी. दुप्पट वेळ लागायचा. साहेबांनी दोनदा टोकलं, मग सोडून दिलं. मला त्याचं श्रेय नको. ज्याच्यासाठी करायचं तो रांगेत नव्हता.

पुढे कारखाना दुसऱ्या मालकाकडे गेला. जुनी मस्टरं रद्दीत द्यायची होती आणि छाटणी माझ्याकडे आली. त्या हिवाळ्याच्या महिन्याचं पान मी फाडून घेतलं. घरी आणून पुष्कळ दिवस गादीखाली ठेवलं. शेवटी एका दुपारी आई तांदूळ निवडत होती तेव्हा ते तिच्यापुढे ठेवलं. आईला अक्षर येत नव्हतं.

"काय आहे हे?"

"हजेरीचं पान. बाबांचं नाव आहे यात."

तिनं हात पदराला पुसले. "कुठं?"

मी बोट ठेवलं. तिनंही त्या जागी बोट ठेवलं आणि हळूहळू ओळीनं पुढे सरकवलं. रेघ, रेघ, रेघ, रेघ. वाचता येत नसलं तरी रेघ कळतेच. मग बोट थांबलं.

"सगळ्या उभ्या आहेत. हे एकच फुली काहून?"

"त्या दिवशी ते गेटातून परत आले होते. भट्टीच्या दिवशी."

"उशीर झाला होता म्हनून."

"उशीर नव्हता झाला, आई. ते वेळेवर उभे होते. हात वर करून उभे होते. आवाज नव्हता त्यायले."

आई माझ्याकडे पाहत राहिली. इतक्या वर्षांनी माझ्या तोंडी घरची बोली आली होती हे मला बोलल्यावर जाणवलं.

"मंग फुली कोनं मारली?"

"म्या."

बाहेर काकूंच्या अंगणात कोणी तरी मांजरीला हाकलत होतं. आईनं तांदळाचं सूप बाजूला सरकवलं. पानाकडे बोट दाखवून म्हणाली, "वाच. त्यायचं नाव वाच. म्या तं कधी घेतलं नाई."

मी वडिलांचं नाव वाचलं. पूर्ण, मोठ्यानं, शेवटी जी लावून. आणि मान वर केली.

समोर आई होती. ती म्हणाली, "अजून एकदा."